बाकी सगळं छान, व्ह्यू तेवढा…

घर विकायला काढलं की गिऱ्हाईक घर बघत नाही, खिडकी बघतं. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर माझे साडेतीन महिने, दोन जोड चपला आणि शेजाऱ्यांशी असलेले बरे संबंध वाचले असते. चौतीस वर्षं अंबडच्या कोर्टात कारकुनी केली. खिडकीवरून झालेले दावेसुद्धा या हातांनी नस्तीला लावले. पण ते सगळे उजेडाचे आणि वाऱ्याचे. शेजाऱ्याने भिंत घातली, आमचा वारा अडवला, वगैरे. खिडकीतून काय दिसतं यावरून घराची लायकी ठरते, असं एकाही वकिलाने माझ्यासमोर म्हटलेलं नाही. आणि वकील काय वाटेल ते म्हणतात.

विकायचं कारण साधं होतं. जालन्यातला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या. माझ्या बायकोचे, दीपमालाचे, दोन्ही गुडघे गेलेले. जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षं उभं राहून शिकवलं, त्याचं हे बक्षीस. डॉक्टर म्हणाले, जिना बंद करा. आमच्याकडे जिना बंद म्हणजे जगच बंद. ती आठवड्यातून एकदा खाली उतरायची आणि वर येताना मधेच कठडा धरून थांबायची. कोणी आलं तर फोनवर काहीतरी वाचतेय असं दाखवायची. मला ते बघवत नव्हतं. अंबड रोडला तळमजल्याचं एक रो-हाऊस बघून ठेवलं होतं. मालक भला माणूस, मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. तेव्हा नोव्हेंबर चालू होता. चार महिने म्हणजे कोर्टाच्या हिशोबाने एक तारीख. मी निश्चिंत होतो.

एजंट म्हणून रिजवान मिळाला. पस्तिशीचा, मोटरसायकल, दोन फोन, आणि खिशात चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना टांगा आल्यासारखा आवाज व्हायचा. त्याने घर बघितलं, नळ सोडून बघितले, कागद बघितले आणि म्हणाला, "साहेब, बोअर चालू, टायटल साफ, भिंतीला ओल न्हाई. महिन्याभरात जातंय बघा." मी त्याला एक-दोन किरकोळ सूचना केल्या. त्याने मान हलवली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते बियाण्याच्या कंपनीतलं. नवरा-बायको, दोघंही व्यवस्थित. बाईंनी स्वयंपाकघरातला प्रत्येक ड्रॉवर उघडून बंद केला. साहेबांनी फ्लश दोनदा ओढला, आणि पाण्याच्या आवाजाकडे असं लक्ष दिलं की जणू गाण्याची बैठक चालू आहे. "मोकळंढाकळं आहे," म्हणाले. मग हॉलमध्ये आले आणि पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाईही गेल्या. मग साहेब वळले आणि उजव्या हाताचा पंजा हवेत जरासा हलवला, ताटावरची माशी उडवावी तसा.

"बाकी सगळं छान आहे हो," ते म्हणाले. "व्ह्यू तेवढा…"

वाक्य तिथेच सोडून ते बेचाळीस पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत तीन गिऱ्हाइकं आली. एक परतूरकडचे कृषी सेवा केंद्रवाले, एक प्राध्यापक, एक वाटूरचे मास्तर. तिघांनीही खोल्या बघितल्या, तिघांनीही फ्लश ओढला, तिघांनीही तोच पंजा तसाच हलवला. मास्तरांनी तर फ्लश ओढून झाल्यावर पाणी जपून वापरावं यावर मला दोन वाक्यं ऐकवली. आणि मग व्ह्यू तेवढा.

चौथं गिऱ्हाईक गेल्यावर मी खिडकीशी गेलो आणि बारा वर्षांत पहिल्यांदा बाहेर नीट बघितलं. माणूस आपल्या खिडकीतून बाहेर बघत नाही, पाऊस आला का तेवढं बघतो. उजवीकडे पाण्याची टाकी. समोर, मधोमध, रस्त्याच्या पलीकडे आमचं विहार, पांढराशुभ्र घुमट, वर पंचरंगी ध्वज. लांब क्षितिजावर स्टीलच्या कारखान्यांचा धूर. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी आमच्या नाकाखाली, कॉलनीची मोकळी जागा. तिथे कचरा होता. साधासुधा नव्हे, पिढीजात. प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, एक फुटका कमोड आणि त्या कमोडला टेकून झोपलेली डुकरीण व तिची सात पिल्लं.

माझं डोकं तडकलं. हा कचरा माझा नव्हता. मी माझा कचरा गाडीत टाकतो, ओला-सुका वेगळा करून. दुसऱ्यांच्या कचऱ्यापायी माझं घर अडलं होतं, आणि घरापायी माझ्या बायकोचे गुडघे.

सोसायटीत ही गोष्ट सांगण्याची चूक मी केली. आमचे चेअरमन साहेबराव वरच्या मजल्यावर राहतात. सहकारी संस्थेतून रिटायर झालेत, त्यामुळे दुसऱ्याला सल्ला देणं ही त्यांना ड्यूटी वाटते. ते चहा प्यायला बसले आणि म्हणाले, "मगरे साहेब, तुम्ही उगी टेन्शन घेऊन राह्यले. जाड पडदा लावा. दिसलंच न्हाई तर आवडायचा न आवडायचा सवालच न्हाई."

पडदा लावला. पुढच्या गिऱ्हाइकाने हॉलमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या विचारलं, "पडदा का लावलाय?" आणि तीन पावलांत जाऊन तो उघडला. पडद्यामागे काहीतरी लपवलंय अशी खात्री झालेल्या माणसाला नंतर ताजमहाल दाखवला तरी पटत नाही. मग कोणीतरी सुचवलं म्हणून काचेला धुरकट कागद चिकटवला. त्यानंतरच्या माणसाने खिडकीच उघडली. पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनींनी सांगितलं की खिडकीसमोर माशांची काचेची पेटी ठेवा, लोक माशांकडे बघतात. ठेवली. आमच्याकडे नळाला पिण्याचं पाणी आठ दिवसांनी येतं, त्या खेपेला अकरा दिवसांनी आलं. माशांबद्दल मी अधिक लिहू इच्छित नाही.

दीपमाला खिडकीशी खुर्ची टाकून हे सगळं बघत असायची. ती एकदाच म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना. त्यात काय एवढं पडलंय?" मी म्हणालो, "तू बघत राहा."

मग मी एका सरकारी ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांना बरं वाटेल. टेबलापलीकडच्या साहेबांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, एक रजिस्टर काढलं आणि पानं उलटली.

"तिथं मोकळी जागाच न्हाई," ते म्हणाले. "तिथं बगीचा आहे. चाळीस झाडं, सहा बाकडी, एक कारंजं."

"साहेब, तिथं डुकरं आहेत."

"बगीच्यात डुकरं कशी येतील?"

ते चेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. मी म्हणालो, येऊन बघा. ते म्हणाले, बघायला यायचं तर पाहणीचा आदेश लागतो, आदेश कचऱ्याच्या तक्रारीवर निघतो, आणि कचऱ्याची तक्रार मोकळ्या जागेची घेतात, बगीच्याची घेत नाहीत. बगीच्याचं टेबल वेगळं. बगीच्याच्या टेबलावरचा माणूस रजेवर होता. तिसऱ्या फेरीला तो भेटला. मोठा गोड माणूस. म्हणाला, "बगीच्याची काही तक्रार असंल तर बिलकुल सांगा. कारंजं बंद आहे का?"

माझी तोपर्यंत अशी अवस्था झाली होती की मी म्हणालो, "हो. बंद आहे."

"बस. मंग तेवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा कागद केला नव्हता, आणि तसं बघितलं तर हाही खोटा नव्हता. जे कारंजं नाही ते चालू आहे असं कोण म्हणेल? तीन आठवड्यांनी दोन माणसं पाने, पकडी आणि पाइप घेऊन कारंजं दुरुस्त करायला आली. त्यांनी अर्धा तास कारंजं शोधलं. मग कमोडपाशी उभं राहून कागदावरचं माझं नाव मोठ्याने वाचलं, त्याला दोन-तीन विशेषणं जोडली आणि गेली. सगळी सोसायटी गॅलरीत उभी होती.

त्या दिवशी मी ठरवलं की आता कोणाच्या दारात जायचं नाही. जेसीबी बोलावला. जेसीबीवाल्याने दोन तासांत कचरा उचलला. डुकरिणीने जाताना माझ्याकडे असं बघितलं की मला क्षणभर तिचंही घर गेलं याचं वाईट वाटलं. सगळं झाल्यावर जेसीबीवाला म्हणाला, "काका, कोपरा राह्यला, तो पण सपाट करून देतो." कोपऱ्यात पाण्याची लाइन होती. तो दिवस कॉलनीला पाणी यायचा होता.

पाण्याचं जे कारंजं उडालं ते पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. सरकारी कागदात इतकी वर्षं असलेलं कारंजं अखेर मी प्रत्यक्षात आणलं, पण त्याबद्दल कोणी माझे आभार मानले नाहीत. बायका बादल्या घेऊन नळाशी उभ्या होत्या. पुढचं पाणी आणखी आठ दिवसांनी. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर साहेबरावांचा मेसेज आला: काही सदस्यांच्या वैयक्तिक फायद्यासाठी संपूर्ण सोसायटीला त्रास सहन करावा लागत आहे. काही सदस्य म्हणजे मी एकटा. बारा वर्षांत एकदाही मेंटेनन्स चुकवला नाही, गणपतीची वर्गणी दिली, सोसायटीचे सगळे अर्ज माझ्या अक्षरात लिहून दिले, आणि मी काही सदस्य.

तरी हटलो नाही. लाइन दुरुस्त करून घेतली. दहा कडुनिंबाची रोपं आणून लावली. त्यातली सहा शेळ्यांनी खाल्ली. पुन्हा सहा आणली, भोवती पत्रा ठोकला. दोन सिमेंटची बाकडी बसवली. रोज सकाळी खाली जाऊन बादलीने पाणी घालायचो, आणि जो कोणी पिशवी घेऊन कचरा टाकायला यायचा त्याच्याकडे एकटक बघत उभा राहायचो. कोर्टात राहून माणसाकडे एकटक बघणं मला चांगलं जमतं. लोक पिशवी घेऊन परत जायला लागले. संध्याकाळी म्हातारी माणसं बाकड्यांवर येऊन बसायला लागली. साहेबरावसुद्धा बसायला लागले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की हे आम्ही सोसायटीने केलं.

फेब्रुवारीत त्या ऑफिसातून मला पत्र आलं. शासकीय बगीच्यातील चाळीस झाडांना बाधा पोचेल अशा रीतीने विनापरवानगी दहा झाडं लावल्याबद्दल खुलासा करावा. मी ते पत्र फ्रेम करणार होतो. दीपमालाने ते शेवग्याच्या शेंगा ठेवायला वापरलं.

पण व्ह्यू तयार होता. खिडकीतून आता हिरवी रोपं, बाकडी, स्वच्छ माती दिसत होती. मी रिजवानला फोन केला. "आण आता कोणाला आणायचं ते." तो जरा थांबून म्हणाला, "बराबर, साहेब. एक जोडपं आहे."

अर्पिता बँकेत होती, नवरा इंजिनिअर. दोघंही तिशीच्या आतबाहेर. अर्पिताला घर आवडलं हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. दुसऱ्याच्या घरात माणूस भिंतीपासून लांब चालतो, ती भिंतीला हात लावत चालत होती. दीपमाला आत चहा टाकत होती. मी त्या इंजिनिअरला खिडकीशी नेलं आणि बाजूला झालो, नव्या नवरीचं तोंड बघायला दिल्यासारखा. तो बाहेर बघत उभा राहिला. मग वळला आणि उजवा पंजा हवेत जरासा हलवला.

"बाकी सगळं छान आहे, काका. व्ह्यू तेवढा…"

तरी मी आवाज चढवला नाही. मी टेबलावरचं पॅड आणि पेन घेतलं, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "व्ह्यूमधलं नेमकं काय?"

"म्हणजे तसं नेमकं काही नाही."

"तीन महिने मी या व्ह्यूवर काम केलंय. अजून काय राहिलंय तेवढं सांगा, मी लिहून घेतो. उजवीकडून सुरू करा."

तो हसला. मी हसलो नाही. "उजवीकडं काय दिसतं?"

"पाण्याची टाकी."

"त्रास आहे तिचा?"

"नाही नाही."

मी लिहिलं: टाकी, हरकत नाही. "पुढं?"

"झाडं. बाकडी. रस्ता."

"रस्त्याचा त्रास?"

"नाही."

"लांब धूर दिसतो, तो?"

"तो काय, सगळ्या जालन्यालाच दिसतो. आणि ती डावीकडची दुकानं. तीही चालतील." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "झालं, एवढंच. मी वास्तूच्या दृष्टीने म्हणत होतो."

"खिडकी पूर्वेला आहे. वास्तूत पूर्व वाईट कधीपासून झाली?"

मी पॅडवर बघितलं. टाकी, झाडं, बाकडी, रस्ता, धूर, दुकानं. या माणसाने डावीकडची दुकानंसुद्धा मोजली होती. आणि खिडकीच्या बरोब्बर मधोमध, चाळीस फूट उंचीचा पांढराशुभ्र घुमट, ध्वजासकट, त्याला दिसलाच नव्हता. साक्षीदार पिंजऱ्यात काय बोलतो ते आम्ही लिहून घ्यायचो, पण तो कशाला वळसा घालतो तिकडे जुने जज्ज बघायचे. मला चौतीस वर्षांनी ते कळलं.

दीपमाला लंगडत चहाचा ट्रे घेऊन आली. तिने एक कप त्याच्या हातात दिला आणि वर्गातल्या पोराला विचारावं इतक्या मऊ आवाजात विचारलं, "समोरच्या विहारात सकाळी सात वाजता वंदना असते बाळा. आवाज लहानच असतो. त्याचा त्रास होईल का तुम्हाला?"

"छे छे, मावशी. आमचं तसं काहीच नाही. माझे कितीतरी मित्र आहेत…"

"मला काहीच अडचण नाही," अर्पिता खाली बघत म्हणाली. "ह्यांच्या घरच्यांचं जरा असतं."

त्यांनी चहा संपवला. चांगली माणसं होती, कप सिंकमध्ये नेऊन ठेवले. आणि गेली.

मी दीपमालाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. त्या बियाणेवाल्या बाईंनी पर्समधून टेप काढून फ्रिजची जागा मोजली होती. खिडकीपाशी गेल्या आणि टेप गुंडाळून परत पर्समध्ये ठेवली. व्ह्यू म्हणायच्या आधी."

"आपल्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो आहे. तो चालतो?"

"फोटो आपण जाताना घेऊन जाणार. विहार कुठं घेऊन जाणार?"

"मंग मला सांगितलं का न्हाई? मी डुकरं हाकलत फिरलो तीन महिने."

"तुम्ही एवढ्या उमेदीनं त्या कचऱ्याच्या मागं लागल्ते," ती खुर्चीत बसत म्हणाली, "म्हटलं, निदान कचरा तरी जाईल."

मला बसवेना. मी चपला घालून खाली उतरलो. रिजवान त्या जोडप्याला सोडून बाकड्यावर बसला होता. मी त्याच्यावरच धावून गेलो. "तुला माहीत होतं का रे?"

तो उठून उभा राहिला. "साहेब, या धंद्यात चौदा वर्षं झाली. व्ह्यू म्हणजे काय ते सगळ्यात आधी शिकावं लागतं. विहार दिसला की व्ह्यू. मशीद दिसली की व्ह्यू. गरिबाची वस्ती दिसली की व्ह्यू. कारखान्याचा धूर दिसला तर म्हणतात, डेव्हलपमेंट होऊन राह्यली."

"आणि तू मला झाडं लावू दिलीस."

"तुमच्या तोंडावर कसं सांगू? मला वाटलं, एखादा निघंल."

मी भडकलेलो होतो. असल्या लोकांना माझं घर दाखवूच नको, म्हणालो. पंजा हलवणारा एकही माणूस आता माझा जिना चढायला नको. "सरळ माणसं आण. कोणी का असेना."

"कोणी का असेना?"

"कोणी का असेना."

रिजवान जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, राग मानू नका. पहिल्याच दिवशी तुम्ही मला बोल्लते, आमचं स्वतःचं काही न्हाई, पण सोसायटीत कटकट नको, तुमच्यातलं गिऱ्हाईक आणू नको. म्हणून आणलं न्हाई. न्हाई तर माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे. दोन वर्षांपासून घर शोधून राह्यलं. अम्मी, बायको आसिफा, दोन पोरं. भाड्याच्या दोन खोल्यांत." त्याने खिशाला हात लावला आणि चाव्या वाजल्या. "या शहरातल्या बावीस फ्लॅटच्या चाव्या आहेत ह्यात. सगळे मी दाखवले. मला एक पण कोणी दाखवला न्हाई."

मी बोललो होतो का? बोललो होतो. चहा पिता पिता, इतक्या सहज, की ते लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा पंजाही हलवला असेल. मला आठवत नाही, आणि आठवू नये अशी माझी इच्छा आहे. इतका वेळ जो राग मी सगळ्या गावावर काढत होतो, त्याला एकदम जागाच उरली नाही. मी बाकड्यावर बसलो. हे बाकडं मीच बसवलेलं, त्यामुळे निदान ते तरी हललं नाही.

"उद्या अकरा वाजता ये," मी म्हणालो. "अम्मीला घेऊन ये."

रिजवानच्या अम्मी, रहिमाबी, सत्तरीच्या, बारीक, काटक. बेचाळीस पायऱ्या माझ्या आधी चढल्या. सलाम करून थेट मोरीत गेल्या, नळ सोडला, पाणी हातावर घेतलं. "पानी कितने दिन से आता?" मी म्हणालो, आठ. "हमारे उधर दस दिन से." मग गच्चीची चावी कोणाकडे असते ते विचारलं. मी त्यांना अदबीने खिडकीशी नेलं. इतक्या दिवसांची मेहनत होती, कोणीतरी बघायला नको का? त्यांनी बाहेर एक नजर टाकली.

"वो घुमट किसका?"

"आमचं विहार. सकाळी सातला थोडा आवाज येतो."

"मैं तो पाँच बजेच उठ जाती." त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर तळहात ठेवून बघितला. "धूप अच्छी है इधर. पापड सूख जाएँगे."

माझ्या कडुनिंबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला अपमान वाटला, तरी त्या जाईपर्यंत दीपमाला आणि रहिमाबी गुडघ्यांच्या तेलापर्यंत पोचल्या होत्या, त्यामुळे व्यवहार ठरल्यातच जमा होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रो-हाऊसमध्ये गेलो, हे इथेच सांगून टाकतो. पण त्याआधी एक काम उरलं होतं.

सोसायटीचं ना-हरकत पत्र. कायद्याने ते अडवता येत नाही हे मला माहीत आहे, पण आमच्याकडे अडवतात. बातमी कळताच साहेबराव खाली आले. बसले नाहीत.

"मगरे साहेब, माझं स्वतःचं काही न्हाई," ते म्हणाले. "रिजवान पोरगा चांगला आहे. पण सोसायटीतल्या लोकांचं म्हणणं पडतं…"

हे वाक्य कुठून येतं ते मला आता चांगलं ठाऊक होतं. "कोणाचं म्हणणं?"

"सगळ्यांचंच."

"चला," मी म्हणालो आणि पॅड उचललं.

"कुठं?"

"सगळ्यांकडं. सोळा फ्लॅट आहेत. माझा सोडला तर पंधरा, दोन बंद. ज्याची हरकत असंल त्यानं या कागदावर कारण लिहून सही करावी. मी ते पत्रासोबत जोडतो."

ते नको नको म्हणत होते, पण मी त्यांचा दंड धरला होता. तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिलं दार उघडलं. मी सांगितलं, घर रिजवानला देतोय, हरकत असल्यास लिहा. त्या गृहस्थांनी कागदाकडे बघितलं, साहेबरावांकडे बघितलं. "माझं काही न्हाई," म्हणाले, "बाकीच्यांचं काय असंल ते." दुसऱ्या दारी, "आमचं काही न्हाई हो, वरच्या लोकांना विचारा." माशांवाल्या वहिनी म्हणाल्या, "माझं तर काहीच न्हाई, पण लोक बोलतात." कोण लोक, विचारलं. त्या म्हणाल्या, असेच. मी पेन पुढे केलं. त्यांनी हात पदराखाली घेतले. पहिला मजला संपला, दुसरा संपला, तिसराही संपत आला. बाराही घरांत कोणाचंच काही नव्हतं. सगळं दुसऱ्याचं होतं. माझा राग पायरीपायरीने वर चढत होता, आणि साहेबराव कठड्याला धरून मधे मधे थांबत होते.

शेवटचं दार त्यांचंच. त्यांनी खिशातून किल्ली काढायच्या आत मी बेल दाबली. त्यांच्या मिसेस, भावनाताई, पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी बारा वेळा म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य पुन्हा म्हटलं.

"आमचं काही न्हाई बाई," भावनाताई मनगटाने कपाळावरचे केस सारत म्हणाल्या. "तुम्ही चेअरमनला विचारा. त्यांचंच काहीतरी असंल."

चेअरमन माझ्या शेजारी उभे होते.

आत कुकरची शिटी झाली. मी पॅडवरचं ना-हरकत पत्राचं पान वर घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. साहेबरावांनी शर्टाचा खिसा चाचपला, पेन काढलं आणि कागदावर दोन-तीन रेघा ओढल्या.

"चालून न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "उद्या बघू."

मी त्यांना माझं पेन दिलं. त्या दिवशी माझ्या खिशात चार होती.